उंदराचा पिंजरा पडला नाही, म्हणजे टॉवर पाडलेच!

तुम्हालाही घरबसल्या शास्त्रज्ञ व्हायचंय? सोप्पंय. आमच्या बिल्डिंगमधले तिसऱ्या मजल्यावरचे काका परवाच्या रविवारी झाले.

साहित्य स्वतःचं वापरायचं नाही. शेजाऱ्याकडून उंदराचा पिंजरा मागून आणा (माझाच होता), "उंदीर फार झालेत हो" म्हणून. टेरेसवर चार विटांवर ठेवा, थिनर ओता, काडी लावा, मोबाईल नातवाच्या हातात द्या. पिंजरा पडला नाही? झालं! आगीने स्टील पडत नाही, सबब 2001 ला विमानं आदळून पडलेले न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरचे ते 110 मजली टॉवर आतून बॉम्ब लावूनच पाडले. व्हिडिओ लगेच सोसायटीच्या ग्रुपवर, गुड मॉर्निंगच्या गुलाबाखाली.

पिंजऱ्यावर वजन मात्र ठेवू नका हां, प्रयोग बिघडतो.

"विमानाच्या इंधनाने स्टील वितळत नाही" एवढं पाठ करा, आणि समोरचा पुढे बोलायला लागला की लिफ्ट आली म्हणून सटका. कारण पुढचं असंय की वितळावं लागतच नाही, वितळायला 1500 डिग्रीच्या आसपास लागतात पण 600 लाच निम्मी ताकद गेलेली असते, गावचा लोहार काय लोखंड वितळवून विळा करतो का, लाल करतो नि ठोकतो, आणि तापलं की लांब होतं ते वेगळंच, 15 मीटरचा बीम 600 डिग्रीने तापला तर 10 सेंटीमीटर वाढतो, त्याने जायचं कुठे? ती त्या टॉवरांशेजारची 47 मजली सात नंबरची बिल्डिंग, जिच्यावर विमान आदळलंच नाही (काकांचा हुकमी एक्का), तिथे हेच झालं, सात तास आग, स्प्रिंकलरला पाणी नाही, बीम वाढले, बीम पेलणारा गर्डर बैठकीवरून सरकला, मजले खाली आले आणि 79 नंबरचा खांब आधाराविना एकटा उरून वाकला. 2008 च्या सरकारी रिपोर्टमध्ये सगळं आहे, खाली काहीच आधार नसल्यासारखी बिल्डिंग पडली ते फ्री फॉलचे सव्वादोन सेकंदही आहेत. काकांनी तेवढेच वाचले.

मॉडेल छोटंच घ्या. दहापट छोटं केलं की वजन हजारपट घटतं, खांबाचा छेद (म्हणजे ताकद) शंभरपटच, मग कशाला पडतंय? मुंगीसुद्धा गच्चीवरून पडली की उठून चालू लागते. काकांनी ट्राय करू नये.

जागा अशी निवडा जिथे गेल्याच वर्षी वॉटरप्रूफिंग झालंय आणि खाली मी राहतो.

अहो काका, बास झालं आता! न्यूयॉर्कचा 79 नंबरचा खांब तोंडपाठ, आणि रोज स्कूटर टेकवता त्या खांबाची सळई बाहेर आलीये ती दिसत नाही? पाणी मुरतं, सळई गंजते, गंज फुगून काँक्रीट फोडतो, त्याला कुणाचा कट लागत नाही! बिल्डिंगच्या स्ट्रक्चरल ऑडिटचा रिपोर्ट एप्रिलपासून कपाटात पडलाय, आणि एजीएममध्ये रिपेअर फंडाला "एवढे पैसे कशाला" कोण म्हणालं होतं? 2013 ला डॉकयार्ड रोडला बिल्डिंग पडली, 61 माणसं गेली. 2017 ला घाटकोपरला 17. तेव्हा नाही तुम्ही पिंजरे जाळले. संशयच घ्यायचाय ना, मग रविवारी हातोडी घेऊन खाली या, खांबावर टकटक करा, पोकळ वाजतोय का ऐका. मी आहेच.

आणि येताना माझा पिंजरा आणा. घासून.