छोट्या शोधाला छोटं पेटंट द्या की

पेटंटचा विषय निघाला की आपल्याकडे लगेच दोन तट पडतात. कडक पेटंट नसेल तर देशात नवं काही निघणारच नाही, असं म्हणणाऱ्यांना मी औषध-रसायन कारखान्यांच्या ठाणे-बेलापूर रोडवरून फिरवून आणायला तयार आहे. १९७०च्या कायद्याने औषधावरचं पेटंट काढून फक्त बनवण्याच्या पद्धतीवर ठेवलं. तेच औषध वेगळ्या वाटेने बनवायच्या खटपटीत आपले केमिस्ट घडले. २००१ साली सिप्लाने एड्सची तीन औषधं वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केली, तेव्हा परदेशी कंपन्यांचा भाव दहा हजार डॉलरच्या घरात होता. २००५ला औषधांवर पुन्हा पेटंट आलं, ते जागतिक व्यापार संघटनेला शब्द दिला होता म्हणून.

पण पेटंट म्हणजे निव्वळ गोऱ्यांचं कारस्थान, असं म्हणणाऱ्यांनीही रबाळे एमआयडीसीतल्या एखाद्या गाळ्यात डोकवावं. माझा मित्र तिथे पॅकिंग मशिनची कामं घेतो. बाटलीचा साइज बदलला की लाइनच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्या पान्ह्याने सैल करा, बाटली घालून बघा, पुन्हा आवळा. याने एकच हँडल बसवलं. फिरवलं की दोन्ही पट्ट्या एकदम सरकतात. पार्टीने ड्रॉइंग मागितलं, याने दिलं. (न देऊन करतो काय, ऑर्डर हवी ना!) पुढची ऑर्डर मागच्या लेनमधल्या गाळ्याला गेली. ड्रॉइंग तेच, खालचं नाव तेवढं खोडलेलं.

पेटंट एजंटचं म्हणणं, एवढ्याशा सुधारणेला पेटंट मिळणं कठीण. डिझाइनची नोंदणी होईल, पण ती दिसण्याला. हँडल चालतं कसं, त्याला नाही.

जर्मनीने अशा कामांसाठी १८९१ सालीच युटिलिटी मॉडेलचा, म्हणजे छोट्या पेटंटचा, कायदा केला. फार तर दहा वर्षं संरक्षण, नोंदणी झटपट, नावीन्याची तपासणी वाद झाला तर. चीनमध्येही ही सोय आहे. आपल्याकडे केंद्राने २०११ मध्ये यावर चर्चापत्र काढलं आणि पुढे कायदा काही झाला नाही.

चीनमध्ये यातून फालतू नोंदण्यांचा ढीगही साचला, हे खरं. म्हणून आपण मुदत पाच-सहा वर्षंच ठेवावी आणि औषधं-रसायनं सरळ वगळावीत, नाहीतर गोळीत किरकोळ फेरफार करून बड्या कंपन्याच या दारातून आत घुसतील. राहता राहिला वकिलाचा खर्च. गाळेवाला कोर्टात जाणार नाही, मलाही माहीत आहे. पण ड्रॉइंगवर नोंदणी क्रमांक असला, तर पर्चेसवाला ते दुसऱ्याच्या हातात देताना निदान दोनदा विचार करेल.