आमच्या डोक्यावरचं रामस्टाईन

काल आईशी व्हिडिओ कॉल चालू होता, मी वरणाला फोडणी देत होते आणि तेवढ्यात डोक्यावरून घरघरत अमेरिकेचं सी-१७ मालवाहू विमान गेलं. आई म्हणते, अगं आधी तो मिक्सर बंद कर! आता हा मिक्सर बंद करायचा तर वॉशिंग्टनलाच फोन लावावा लागेल.

मी जर्मनीत कैसरस्लाउटर्नला राहते, रामस्टाईनचा अमेरिकन हवाई तळ इथून गाडीने पंधरा-वीस मिनिटांवर. भाऊ दर वेळी विचारतो, फायटर दिसतात का गं? अरे बाबा, १९९४ पासून इथे फायटर स्क्वॉड्रनच नाही. दोन लांबलचक रनवे आणि रात्रंदिवस मालवाहू विमानं. लढाईचं स्वारगेट म्हण हवं तर. माणसं, औषधं, गाड्या, दारूगोळा, सगळं इथे उतरतं आणि पुढे जातं. इराक-अफगाणिस्तानातले जखमी इथेच उतरवून शेजारच्या लांडश्टूलच्या हॉस्पिटलात न्यायचे. बायकापोरं धरून इथे आसपास ५० हजारांच्या घरात अमेरिकन आहेत, त्यांच्या शाळा, मॉल, हॉटेल सगळं आपलं आपलं.

२०२१ च्या ऑगस्टमध्ये काबूल पडलं तेव्हा ३० हजारांहून जास्त अफगाण लोक इथून पुढे गेले, काही दिवस तंबूत राहिले. एका बाईला तर विमानातच कळा लागल्या, बीपी घसरलं म्हणून पायलटने विमान कमी उंचीवर आणलं, आतला हवेचा दाब वाढावा म्हणून, आणि रामस्टाईनला उतरल्यावर विमानाच्या पोटातच मुलगी झाली. आईबापांनी नाव काय ठेवलं, तर रीच, म्हणजे त्या विमानाचा कॉलसाईन, रेडिओवर हाक मारायचं नाव. असलं काही ऐकलं की तळाला नुसत्या शिव्या घालणं जमत नाही मला.

पण खालच्या मजल्यावरच्या आजींशी बोला. २८ ऑगस्ट १९८८ ला तिथल्या एअर शोमध्ये इटालियन टीमची तीन विमानं हवेत एकमेकांवर आपटली, एक जळत गर्दीत पडलं, ७० माणसं गेली. आजी त्या दिवशी तिथे नव्हत्या, पण त्यांच्या गल्लीतले दोघं होते. आजही विमान जरा खालून गेलं की त्या हातातलं काम थांबवतात, आवाज लांब गेला की मग परत कांदा चिरायला घेतात.

आणि माझा खरा राग आहे तो जर्मन सरकारवर. अमेरिकेच्या ड्रोन हल्ल्यांचे सिग्नल रामस्टाईनवरून फिरवले जातात म्हणून येमेनमधली माणसं, ज्यांचे नातेवाईक मेले, पार कार्ल्सरूहेला, जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयापर्यंत गेली. जुलै २०२५ मध्ये निकाल लागला, की परदेशातल्या लोकांचं रक्षण करायची जबाबदारी जर्मनीवर येऊ शकते, पण या केसमध्ये तेवढं सिद्ध होत नाही. कायद्याने बरोबर असेलही. पण जमीन तुमची, तळावर नोकरीला तुमची माणसं, आणि विचारलं की म्हणणार आमचा काय संबंध? हे म्हणजे वाडा भाड्याने द्यायचा आणि आत काय चालतं ते बघायचंच नाही.

भाड्यावरून आठवलं, आईचं टुमणं आहे की शांत जागी घर बघ. बघतेय ना, कधीपासून. अमेरिकनांना घरभाडं सरकारकडून मिळतं, वेळच्या वेळी, मग मालक आमच्यासारख्यांना कशाला विचारतोय. परवा एका एजंटला फोन केला, नाव-गाव काही नाही, पहिलाच प्रश्न, "बेसवर आहात का?"