एक वाटी म्हणजे किती ग्रॅम?

चूक माझीच. दिवाळीच्या आठवडाभर आधी जर्मनीहून पुतणीचा फोन आला तेव्हा मी कणीक मळत होते, फोन खांद्याला दाबून धरलेला. "काकू, एक वाटी म्हणजे किती ग्रॅम गं?" मी म्हणाले, "२०० धर." कुठंतरी वाचलेलं, तेच तोंडून निघालं.

घरचं चकलीच्या भाजणीचं प्रमाण तिच्याकडे होतंच. चार वाट्या तांदूळ, दोन हरभरा डाळ, एक उडीद डाळ, एक मूग डाळ, एक जाडे पोहे, अर्धी वाटी धणे, थोडं जिरं. तिनं सगळं सरसकट २००नं गुणलं. तांदूळ ८०० ग्रॅम, डाळीही त्याच हिशेबात, इथवर काही बिघडलं नाही. पण पोहे २०० ग्रॅम आणि धणे १०० ग्रॅम! चकल्या सोऱ्यातून पडतानाच तुटत होत्या आणि चवीला धण्याचा काढा. पोरीनं व्हिडिओ कॉलवर ते तुकडे दाखवले तेव्हा हसावं की रडावं कळेना.

मग मी काटा काढला. आमच्या वाटीत काठोकाठ १५० मिली पाणी मावतं. सपाट भरून तांदूळ १२५ ग्रॅम, हरभरा डाळ जवळपास तेवढीच, उडीद डाळ किंचित जास्त. जाडे पोहे मात्र ५०, धणेही तेवढेच. म्हणजे ८०० ग्रॅम तांदळाला धणे ४० ग्रॅम पुरे होते आणि पोहे ८०. आणि माझे ते २०० कुठून आले? तो २४० मिलीच्या अमेरिकी कपातला तांदूळ! ऑस्ट्रेलियाचा कप २५० मिलीचा, राइस कुकरबरोबर येणारा जपानी पेला १८०चा. कप म्हटलं की आधी विचारावं, कुणाचा?

यावर "बघा, वाटी हे मापच अशास्त्रीय" म्हणणारे येतीलच. मला नाही पटत. वाटी कुठलीही घ्या, पण सगळ्या जिन्नसांना तीच घ्या, भाजणी बिघडणार नाही. प्रमाण वाटीत सांगितलंय तर वाटीतच राहू द्या. आपल्याकडे धान्याचा व्यवहारच मापाचा होता. दोन चिपटी म्हणजे मापटं, दोन मापटी म्हणजे शेर, चार शेरांची पायली. गोंधळ तेव्हाही होताच म्हणा, शेर मापाचाही होता आणि वजनाचाही. शिवाय माप सपाट की शिगेचं, यावरून वाद. मापावर धान्याचं जे टोक उभं राहतं ती शीग. उत्साह शिगेला पोचतो तो तिथूनच. चुरमुरेवाला आजही मापानंच देतो, आणि शीग पाडली तर आपला जीव कळवळतोच.

पिठाची गोष्ट वेगळी. तिथं मी मुकाट्यानं काटा घेते. कणीक चमच्यानं हलकी भरली तर आमच्या वाटीत ७५-८० ग्रॅम बसते. तीच वाटी डब्यात खुपसून, कडेला दाबून भरली की १००. दोन्ही वेळा एकच वाटी, पण पाणी तेवढंच घातलं तर एक गोळा घट्ट आणि दुसरा सैल. केकच्या कृतीत "दोन वाट्या मैदा" लिहिणाऱ्यांनी दाबून की हलका, एवढं तरी लिहावं. दाणा दाबून दाबून किती दाबणार? वाटी आपटली तर थोडा बसतो, बस्स.

पुतणीला हे सगळे आकडे पाठवले. तिचं उत्तर आलं, "काकू, आकडे नकोत, ती वाटीच दे ना." तळाशी सासूबाईंचं नाव कोरलेली वाटी आहे ती. म्हटलं, १५० मिली पाणी मावेल अशी शोध तिकडे.