ट्राउटमन मोडक्या मानेने खेळला, म्हणून आपल्या मुलांनीही तसं खेळायचं नाही

‘मुलगा उंच आहे? मग त्याला गोलकीपरच करा’ अशा मथळ्याचा एक लांबलचक मेसेज सध्या कोल्हापुरातल्या बऱ्याच घरांत फिरतोय. माझ्याकडे तो ताईकडून आला. तिचा मुलगा नववीत आहे, पेठेतल्या संघाच्या लहान गटात कीपर आहे. मेसेज वाचल्यापासून घरात त्याची शाळा सोडवून त्याला कुठल्यातरी निवासी फुटबॉल अकादमीत टाकायची बोलणी सुरू झाली आहेत. दावे असे: कीपरला धावावं लागत नाही, म्हणून शरीर झिजत नाही आणि चाळिशीपर्यंत पगार मिळतो. प्रत्येक क्लबला तीन कीपर लागतात, म्हणून जागा हमखास. चूक झाली तरी लोक पुढच्या मॅचपर्यंत विसरतात. निवृत्तीनंतर कोच किंवा कॉमेंटेटर म्हणून आयुष्य आरामात निघतं. आणि शेवटी, खरा कीपर लागलं तरी मैदान सोडत नाही. मँचेस्टर सिटीच्या कीपर बर्ट ट्राउटमनने मोडक्या मानेने कप जिंकून दिला, हे मुलांच्या मनावर बिंबवा.

मी या शेवटच्या दाव्यापासून सुरू करतो. बाकीच्यांनी फार तर पैसा आणि वर्षं वाया जातील. हा दावा एखाद्या पोराचा जीव घेईल.

ट्राउटमनची गोष्ट घडली आहे, त्यात वाद नाही. ५ मे १९५६, वेम्बली, इंग्लंडच्या एफए कपची फायनल, मँचेस्टर सिटी विरुद्ध बर्मिंगहॅम सिटी. शेवटची सतरा-एक मिनिटं उरली असताना बॉलवर झेप घेताना पीटर मर्फीचा गुडघा त्याच्या मानेवर बसला. तो उठला, खेळला, सिटी ३-१ने जिंकली. काही दिवसांनी एक्स-रे काढला तेव्हा कळलं की मानेचा दुसरा मणका दुभंगलाय. तिसरा मणका त्याच्यावर दाबून अडकला होता, म्हणून तो वाचला. मणका असा अडकणं हा निव्वळ योगायोग. पुढे कित्येक महिने तो प्लास्टरमध्ये होता.

मेसेजवाल्याने दोन गोष्टी गाळल्यात. एक, त्या काळी बदली खेळाडूचा नियमच नव्हता. कीपर बाहेर गेला तर दहा जणांत खेळायचं आणि त्यातलाच कुणीतरी गोलमध्ये उभा करायचा. दुसरी, आपली मान मोडलीय हे ट्राउटमनला ठाऊकच नव्हतं. तो हिमतीचा माणूस होता, याबद्दल दुमत नाही. पण ज्याला पर्यायही नव्हता आणि माहितीही नव्हती, त्याचं उदाहरण आजच्या पोरांना कशासाठी द्यायचं?

पन्नास वर्षांनंतरचं उदाहरण घ्या. १४ ऑक्टोबर २००६, रेडिंग विरुद्ध चेल्सी. मॅच सुरू होऊन मिनिटही झालं नव्हतं आणि रेडिंगच्या स्टीफन हंटचा गुडघा चेल्सीच्या कीपर पेत्र चेकच्या डोक्याला लागला. कवटीला फ्रॅक्चर. त्याच मॅचमध्ये त्याच्या जागी आलेला कुदिचिनीही टक्कर होऊन बेशुद्ध पडला आणि शेवटी बचावपटू जॉन टेरीला ग्लोव्हज घालावे लागले. चेकवर शस्त्रक्रिया झाली. तो जानेवारी २००७ मध्ये परतला आणि २०१९ मध्ये निवृत्त होईपर्यंत डोक्याला संरक्षक टोपी घालूनच खेळला. त्याला मैदानाबाहेर काढून दवाखान्यात नेलं म्हणून पुढची बारा वर्षं तो खेळू शकला. मेसेजला कीपरच सांगायचा होता, तर हा सांगायचा.

मी इतका चिडलोय त्याचं कारण सांगतो. गेल्या महिन्यात सरावाच्या मॅचमध्ये आमच्या भाच्याच्या कानाजवळ समोरच्या मुलाचा गुडघा बसला. तो उठला, मॅच पूर्ण खेळला, घरी काही बोलला नाही. रात्री उलटी झाली तेव्हा ताईला कळलं. दवाखान्यात नेलं, तपासण्या झाल्या, सुदैवाने गंभीर काही निघालं नाही. मी विचारलं, बाहेर का आला नाहीस? तर म्हणे, ‘मामा, ट्राउटमन पण आला नव्हता.’ पंधरा वर्षांचं पोर! हे त्याच्या डोक्यात कुणी घातलं? त्याच्या कोचने नाही, आईबापाने नाही. या मेसेजने घातलं.

खेळाच्या वैद्यकातला आजचा जगभर मान्य असलेला नियम अगदी सरळ आहे: डोक्याला मार लागून कन्कशन (मेंदूला बसलेला हादरा) झाल्याची नुसती शंका आली तरी खेळाडूला बाहेर काढायचं आणि त्या दिवशी परत उतरवायचं नाही. डोकं दुखणं, गरगरणं, उलटी, काही न आठवणं, असं काहीही दिसलं तर डॉक्टर गाठायचा. फुटबॉलच्या नियमावलीतही २०२४ पासून अशा खेळाडूसाठी जादा बदलीची सोय आहे. आणि मारानंतर खेळत राहिलं तर काय होऊ शकतं, ते २६ मे २०१८ ला कीव्हमध्ये दिसलं. चॅम्पियन्स लीगच्या फायनलमध्ये रिआल माद्रिदच्या रामोसचं कोपर लिव्हरपूलचा कीपर कॅरियसला लागलं. त्यानंतर त्याने दोन अशा चुका केल्या की जगभर त्याची टर उडवली गेली. काही दिवसांनी बोस्टनच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की त्याला कन्कशन झालं होतं आणि त्याचा परिणाम खेळावर झालेला असू शकतो. तोवर व्हायची ती बदनामी होऊन गेली होती.

आता ‘कीपरचं शरीर झिजत नाही’ यात खरं किती? थोडं आहे, ते नाकारून चालणार नाही. ग्लासगो विद्यापीठाच्या संशोधकांनी स्कॉटलंडच्या ७,६७६ माजी व्यावसायिक खेळाडूंची तुलना सर्वसाधारण लोकसंख्येतल्या २३ हजारांहून अधिक माणसांशी केली. मेंदू झिजवणाऱ्या आजारांनी मरण्याचं प्रमाण खेळाडूंत साधारण साडेतीन पट निघालं. २०२१ मध्ये त्यांनी जागांनुसार आकडे मांडले. त्यात बचावपटूंचा धोका सर्वांत जास्त होता, तर गोलकीपरचा सामान्य माणसापेक्षा ठळकपणे वेगळा दिसला नाही. कीपर फारसं हेडिंग करत नाही, हे त्याचं संभाव्य कारण. म्हणजे वर्षानुवर्षं बॉलला डोकं लावण्याने होणारं नुकसान कीपरला कमी. पण त्या आकड्यांवरून गुडघ्याखाली डोकं घालणं सुरक्षित ठरत नाही.

वयाचंही तसंच. इटलीच्या दिनो झॉफने ४०व्या वर्षी १९८२ चा विश्वचषक उचलला, इजिप्तचा एल हदारी ४५व्या वर्षी २०१८ च्या विश्वचषकात खेळला आणि पेनल्टीही अडवली, बुफॉन ४५व्या वर्षी थांबला. ही नावं आपल्या तोंडी आहेत ती विरळा आहेत म्हणूनच. मॅचमध्ये कीपर पाच-साडेपाच किलोमीटरच फिरतो, बाकीच्यांच्या निम्मा, हे मान्य. पण आमच्याकडच्या उन्हाळ्यात टणक झालेल्या मैदानावर रोज सकाळी डाव्या-उजव्या कुशीवर पडून बघा. बोटं, मनगटं, खांदे, कंबर काय म्हणतात ते अंतर मोजून कळत नाही.

तीन कीपरचा हिशेब तर उलटाच आहे. तिघं ठेवतात, खेळतो एक. स्कॉट कार्सन २०१९ ते २०२५ मँचेस्टर सिटीत होता आणि त्याच्या वाट्याला दोन मॅच आल्या. आउटफिल्डचा, म्हणजे गोलबाहेरचा, खेळाडू शेवटची वीस मिनिटं तरी उतरतो, दोन नंबरच्या कीपरला तेही नाही. आणि क्लब तरी कुठे आहेत? महाराष्ट्रात महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये बंद झाला, एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये. प्रत्येक वेळी महाराष्ट्रातल्या कीपरच्या जागा कमी झाल्या.

पगाराबद्दल खेळाडूंच्या जागतिक संघटनेचा, फिफप्रोचा, २०१६ चा अहवाल पुरेसा आहे. ५४ देशांतल्या जवळजवळ १४ हजार व्यावसायिक फुटबॉलपटूंना विचारलं. ४५ टक्क्यांहून जास्त खेळाडूंना महिन्याला हजार डॉलरपेक्षा कमी मिळत होते. ४१ टक्क्यांना मागच्या दोन हंगामांत पगार उशिरा मिळाला होता. करार सरासरी दोन वर्षांचाही नव्हता. ‘चाळिशीपर्यंत पगार’ म्हणणाऱ्याने हे आकडे वाचावेत. आपल्याकडचं हवं असेल तर २०२५ बघा: जुलैत आयएसएलचा (इंडियन सुपर लीगचा) हंगाम स्थगित झाला आणि ऑगस्टमध्ये बेंगळुरू एफसीने पहिल्या संघाचे पगार थांबवले. भारताचा इतकी वर्षं पहिल्या पसंतीचा कीपर असलेला गुरप्रीत त्याच क्लबचा.

चूक लोक विसरतात, हे लिहिणाऱ्याने ब्राझीलच्या कीपर बार्बोसाचं नाव ऐकलेलं दिसत नाही. १६ जुलै १९५०, रिओचं माराकाना स्टेडियम. उरुग्वेच्या घिजियाने कीपर आणि जवळचा खांब यांच्यामधल्या फटीतून गोल मारला आणि ब्राझील विश्वचषक हरला. बार्बोसा त्या काळातल्या उत्तम कीपरपैकी एक होता, त्याचं सगळं कर्तृत्व त्या एका बॉलखाली गाडलं गेलं. निवृत्तीनंतर त्याने नोकरी केली तीही माराकानाच्याच आवारात. नव्वदच्या दशकात राष्ट्रीय संघाच्या शिबिराला भेटायला गेला तर अपशकुनी म्हणून त्याला आत घेतलं नाही. ब्राझीलमध्ये गुन्ह्याला जास्तीत जास्त तीस वर्षांची शिक्षा आहे, मी पन्नास भोगतोय, असं तो म्हणायचा. २००० मध्ये तो गेला. जर्मनीच्या कीपर रॉबर्ट एन्केने नैराश्य जगापासून लपवलं, कारण करिअर जाईल ही भीती होती. नोव्हेंबर २००९ मध्ये आपण त्याला गमावलं. फिफप्रोनेच २०१५ मध्ये मांडलेल्या पाहणीत खेळणाऱ्यांपैकी ३८ टक्के आणि निवृत्तांपैकी ३५ टक्के जणांत नैराश्य किंवा चिंतेची लक्षणं आढळली होती. आमच्या पोराला उद्या एक सोपा बॉल सुटला आणि तो गप्प गप्प राहू लागला, तर घरच्यांनी ‘लोक विसरतात’ म्हणून सोडून द्यायचं का?

राहिली निवृत्ती. ऑलिव्हर कान बायर्नचा आणि व्हॅन डर सार आयाक्सचा प्रमुख झाला, ही नावं मेसेजमध्ये आहेतच. ज्याच्या मानेचं एवढं कौतुक चाललंय, त्या ट्राउटमनचं पुढे काय झालं ते मात्र नाही. त्याने स्टॉकपोर्टसारख्या छोट्या क्लबचं काम बघितलं आणि मग जर्मन फुटबॉल संघटनेच्या वतीने ब्रह्मदेश, टांझानिया, लायबेरिया असं देशोदेशी जाऊन शिकवलं. चांगलं, कष्टाचं काम, आराम नव्हे. आपल्या गोव्याचे कीपर ब्रह्मानंद शंखवाळकर भारताचे कर्णधार होते. त्यांना अर्जुन पुरस्कार १९९७ मध्ये मिळाला आणि पद्मश्री २०२२ मध्ये, म्हणजे मानालाही इतकी वाट बघावी लागली. भारताचे जुने कीपर पीटर थंगराज सैन्यातून पुढे आले. त्या पिढीत अनेकांच्या खेळामागे सैन्य, रेल्वे, बँक, पोलीस किंवा कंपनीची नोकरी होती, ग्लोव्हज उतरवले तरी पगार चालू राहायचा. आजच्या करारावरच्या पोराला तो आधार नाही. आणि क्लबमध्ये कीपरचा कोच बहुधा एकच असतो.

भाच्याने कीपर राहू नये असं मी म्हणत नाही. त्याचे हात चांगले आहेत, बाजूने आलेल्या उंच बॉलला, क्रॉसला, तो न घाबरता बाहेर येतो, मला त्याला खेळताना बघायला आवडतं. ताईला मी एवढंच सांगितलंय की बारावीपर्यंत शाळा सुटता कामा नये, आणि अकादमीवाल्यांकडून पैसे भरण्याआधी लेखी उत्तरं घ्यायची: मॅचच्या दिवशी मैदानावर डॉक्टर कोण असतो, डोक्याला लागलं तर मुलाला बाहेर काढायचा अधिकार कुणाकडे आहे, दवाखान्याचा खर्च कोण देतो, आणि गेल्या पाच वर्षांत तिथून निघालेले कीपर आज कुठल्या क्लबशी करारात आहेत. उत्तर द्यायला टाळाटाळ झाली तर पोराला घेऊन घरी यायचं.