ग्रह गेला, आग्रह राहिला

प्लुटोच्या बाजूनं भांडायचं ठरवलंय ना? मग पहिलं पथ्य सांगतो : प्लुटो कधीही बघू नका. नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाहीच. चांगली मोठी दुर्बीण लावली तर फिकट ठिपका दिसतो, तोही शेजारच्या ठिपक्यांत मिसळलेला. असलं काही बघितलं की माया पातळ होते. त्यापेक्षा शाळेच्या पुस्तकातली ती नऊ चेंडूंची रांग आठवा. शेवटी, कोपऱ्यात, शेंडेफळ. बस, डोळ्यांत पाणी यायला तेवढं पुरे.

तारीख मात्र पाठ हवी. 24 ऑगस्ट 2006, प्राग. आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्र संघटनेच्या अधिवेशनाचा समारोप. पिवळी कार्डं वर झाली आणि 76 वर्षं ग्रह म्हणून नांदलेला प्लुटो बाहेर. जगात खगोलशास्त्रज्ञ हजारोंनी असताना मतं दिली 424 जणांनी, हे वाक्य आवाज चढवून म्हणायचं. ‘आपल्या सोसायटीच्या वार्षिक सभेत समोसे संपल्यावर उरलेल्या अकरा जणांनी पार्किंगचा ठराव केला, तेव्हा तुम्ही कुठं होतात?’ असं कोणी विचारलं, तर न ऐकल्यासारखं करून पुन्हा प्रागला जायचं.

ग्रहपणाच्या अटी तीन : सूर्याभोवती फिरावं, जवळजवळ गोल असावं आणि आपल्या कक्षेचा परिसर मोकळा केलेला असावा. पहिल्या दोन प्लुटो पास. अडला तिसरीत, कारण तो राहतो नेपच्यूनपलीकडच्या क्युपर पट्ट्यातल्या बर्फाळ गर्दीत. इथं तुम्ही उसळायचं. पृथ्वीच्या वाटेतही लघुग्रह घुटमळतात, मग पृथ्वीला नोटीस का नाही? मुद्दा खरंच बरा आहे, काही शास्त्रज्ञही तो मांडतात. पण तेवढ्यावर थांबा. पुढचं गणित मागू नका, ते तुमच्या विरुद्ध जातं.

एरिसचं नाव तर चुकूनही काढू नका. 2005मध्ये जाहीर झालेली ही नेपच्यूनपलीकडची बया प्लुटोपेक्षा सुमारे पाव पटीनं वजनदार निघाली आणि सगळा घोळ तिथंच झाला. प्लुटो ग्रह, तर एरिसही ग्रह. मग तिच्यामागून आणखी किती जण रांगेत येतील आणि ती सगळी यादी पाठ कोण करणार? तुम्ही? सेरेसचाही विषय टाळा. 1801मध्ये सापडल्यावर पुढं अर्धशतकभर सेरेस ग्रहच होती, मग तिची भावंडं सापडत गेली आणि तिला लघुग्रहांत बसवलं. तिच्यासाठी तुम्ही कधी रडलात? 2006च्या ज्या ठरावानं प्लुटो बटुग्रह झाला, त्याच ठरावानं तिला बटुग्रह म्हणून बढती मिळाली, तेव्हा पेढे वाटलेत?

बटुग्रह! या शब्दावर हवं तेवढं रागवा, माझी परवानगी आहे. शहात्तराव्या वर्षी कुणाची मुंज लावतात का?

नुसता राग पुरेसा वाटत नसेल तर अमेरिकेकडून शिका. प्लुटो 1930मध्ये शोधला क्लाइड टॉम्बा यांनी, ॲरिझोनातल्या लॉवेल वेधशाळेत. ते जन्मले इलिनॉयमध्ये, पुढं राहिले न्यू मेक्सिकोत. म्हणजे प्लुटोला माहेरं तीन. न्यू मेक्सिकोच्या प्रतिनिधिगृहानं 2007मध्ये ठराव केला की आमच्या उत्तम रात्रीच्या आकाशातून जाताना प्लुटो हा ग्रह समजावा. सीमा ओलांडून टेक्ससवर गेला की त्याचं तो बघून घेईल. 2009मध्ये इलिनॉयच्या सिनेटनंही असाच ठराव केला. ॲरिझोनानं 2024मध्ये तर कायदाच करून प्लुटोला राज्याचा अधिकृत ग्रह केलं. राज्यपक्षी, राज्यफूल, राज्यग्रह. लहान मुलांकडून पत्रं लिहून घेण्याचाही उपाय आहे. न्यूयॉर्कच्या हेडन तारांगणानं 2000 सालीच प्लुटोला ग्रहांच्या पंक्तीतून उठवलं, तेव्हा तिथल्या संचालकांना मुलांची रागावलेली पत्रं गेली होती.

घरच्या आघाडीवर जरा जपून. आजीसमोर ‘नऊचे आठ केले’ म्हणून हळहळलात, तर ती विचारेल, कुठल्या नऊचे? तिच्या नवग्रहांत सूर्य आहे, चंद्र आहे, राहू-केतू आहेत आणि सगळ्यांना सुपाऱ्या मांडलेल्या आहेत. प्लुटोची सुपारी कधी मांडलीच नव्हती, त्यामुळं तिचे नऊ अजून नऊच.

आणि ‘आमच्या वेळी बरोबर शिकवायचे’ हे जोरात म्हणण्याआधी थोडं थांबा. 1979 ते 1999 प्लुटो नेपच्यूनच्या कक्षेच्या आत, सूर्याच्या जास्त जवळ होता. त्या वीस वर्षांत ‘नेपच्यून, प्लुटो’ अशा क्रमानं घोकणाऱ्या आपणा सगळ्यांचं उत्तर चूक होतं आणि सगळ्यांना पैकीच्या पैकी मिळाले.

मलाही मिळाले. सातवीत विज्ञान प्रदर्शनासाठी मी थर्माकोलची सूर्यमाला केली होती. गुरूला पिवळ्या रंगाचे पट्टे, शनीला बांगडीचं कडं आणि तारेच्या टोकाला डिंकानं चिकटवलेला साबुदाणा म्हणजे प्लुटो. प्रदर्शनाच्या सकाळी बघतो तर मुंग्यांनी रात्रीतून प्लुटो नेलेला. नुसती तार. परीक्षक आले, चष्मा सारखा करत शनीचं कडं हलवून बघितलं, ‘छान, नऊच्या नऊ केलेत,’ म्हणाले आणि दुसरा नंबर देऊन गेले.