लोकल जर्मनांना द्या म्हणे!

लोकल लेट झाली की आमच्या घणसोलीच्या सोसायटी ग्रुपवर कुणीतरी ठरलेला मेसेज टाकतंच: 'द्या ही रेल्वे जर्मनांना चालवायला, सुतासारखी सरळ होईल.' खाली अंगठ्यांची रांग.

जर्मन म्हणजे त्यांची रेल्वे कंपनी डॉइश बान ना? ती शंभर टक्के जर्मन सरकारची आहे. म्हणजे सरकारी कारभाराला कंटाळून आपण मागतोय सरकारी कंपनीच, फक्त दुसऱ्याच्या सरकारची! (आणि २०२४ मध्ये तिच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी जेमतेम ६२.५ टक्के वेळेवर होत्या. त्याही सहा मिनिटांच्या आतला उशीर माफ धरून.)

ब्रिटनने हा प्रयोग करून पाहिलाय. १९९३च्या कायद्याने प्रवासी गाड्या ठेक्यावर निघाल्या आणि ब्रिटिश सरकारी संस्थांनाच ठेके घ्यायला मनाई झाली. परदेशी सरकारांना मात्र नाही. मग २०१०मध्ये डॉइश बानने अराइव्हा ही ब्रिटिश वाहतूक कंपनी घेतली, २०१५मध्ये स्कॉटलंडच्या गाड्या डच सरकारी रेल्वेच्या अबेलिओकडे गेल्या, २०१७मध्ये इटलीच्या सरकारी रेल्वेच्या ट्रेनइटालियाने लंडन-एसेक्स गाड्या चालवणारी सीटूसी कंपनी घेतली. घरच्या सरकारला मज्जाव, शेजारच्या सरकारला पायघड्या. पास एसेक्सच्या माणसाने काढायचा आणि नफा झालाच तर तो रोमला! स्कॉटलंडने २०२२मध्ये गाड्या परत घेतल्या, सीटूसी २०२५मध्ये सरकारकडे आली.

ठाणेकरांना यात नवल वाटायला नको. १८५३ची बोरीबंदर-ठाणे गाडी चालवणारी जीआयपी कंपनी लंडनचीच, खासगी. भागधारकांना ५ टक्के परताव्याची हमी होती. तेवढी कमाई झाली नाही तर तूट हिंदुस्थानच्या तिजोरीतून भरायची.

तरी मी सरसकट विरोधात नाही. दिल्ली-मेरठच्या नमो भारत गाड्या डॉइश बानचीच उपकंपनी चालवते, १२ वर्षांच्या करारावर. पण मालकी एनसीआरटीसीची, म्हणजे केंद्राची आणि चार राज्यांची. तिथे मालक कोण आणि कामाला ठेवलेला कोण, यात घोळ नाही. असा करार उद्या आपल्या मेट्रोसाठी कुणी केला तर मी आधी तो वाचेन, मग बोंब मारायची की नाही ते ठरवेन.

लोकलचं दुखणं मात्र वेगळंच आहे. कल्याणकडून नवी मुंबईत कामाला येणाऱ्यांना आजही ठाण्यात उतरून, ती गर्दी तुडवत गाडी बदलावी लागते. त्यासाठीच कळवा-ऐरोली मार्ग मंजूर झाला. त्यातलं दिघा गाव स्टेशन जानेवारी २०२४मध्ये सुरू झालं, पण कळव्याकडचा उन्नत तुकडा झोपड्यांच्या पुनर्वसनात अडकला. त्या लोकांना घरं काय बर्लिनहून आणून देणार?