मोरोगोरोची बिनपगारी मुहिंदी

काल 8 ऑगस्ट, टांझानियात नाने नाने म्हणजे शेतकऱ्यांची सुट्टी, शाळा बंद. मोरोगोरोला त्यासाठी मोठं कृषी प्रदर्शन भरतं, म्हटलं बघून येऊ, आणि डालाडालात बसले. डालाडाला म्हणजे आपलं वडापच, गाडी टोयोटाची हायएस आणि कोंबाकोंबी जरा जास्त मनापासून.

शेजारी एक मावशी, मांडीवर माठासारख्या भाजीच्या जुड्या. मी "शिकामो" म्हटलं, म्हणजे मोठ्यांना करायचा नमस्कार, तिने "मराहाबा" म्हटलं, इथपर्यंत सगळं छान. मग म्हणाली, "दुकान कुठंय तुझं?"

इथे मुहिंदी, म्हणजे भारतीय माणूस, दिसला की त्याचं दुकान असणारच, हार्डवेअरचं नाहीतर कापडाचं. पिढ्यान् पिढ्यांचे गुजराती व्यापारी आहेत, त्यामुळे दोष तरी कुणाला देणार. म्हटलं दुकान नाही, शाळेत गणित शिकवते. पगार? म्हटलं पगार नाही, व्हॉलंटियर आहे, राहायला खोली आणि जेवणापुरते पैसे मिळतात.

मावशीने जुड्या खाली ठेवल्या.

"वडील वारले?"

नाही हो.

"मग दुकान भावाला दिलं?"

अहो दुकान नव्हतंच, बाबा एसटीत होते.

"नवऱ्याने टाकलं?"

लग्नच नाही झालं.

हे ऐकून मागच्या सीटवरच्या आजोबांनी "पोले साना", म्हणजे फार वाईट झालं, म्हणत चुकचुकायला सुरुवात केली. दारात लोंबकळणारा कोंडा, म्हणजे कंडक्टर, मुठीत चिल्लर खुळखुळवत, पुढच्या स्टॉपवरच्या लोकांनाही ओरडून सांगायला लागला की आत एक मुहिंदी आहे आणि बिनपगारी आहे. मी आपली मोडक्या स्वाहिलीत सेवा, अनुभव, देवाणघेवाण असलं काहीतरी बोलत होते, फॉर्म भरताना हेच इंग्रजीत काय भारदस्त वाटलं होतं!

आणि मग मावशीने नेसत्या कांग्याची, म्हणजे कमरेला गुंडाळलेल्या छापील कापडाची, गाठ सोडली, पाचशे शिलिंगचं नाणं काढलं आणि माझं तिकीट भरलं. भाजी विकणाऱ्या बाईने. मी नोट पुढे केली तर कोंड्याने माझाच हात मागे सारला, मोठ्यांचा मान ठेव म्हणे.

मला रागही येईना धड. म्हणजे येत होता, पण कुणावर काढायचा? घरच्या ग्रुपवर रोज एकच, सिंह पाहिलास का, किलिमांजारो केलंस का. अरे बाबांनो, 5,895 मीटरचा डोंगर आहे तो, पार्कची फी परदेशी माणसाला भरमसाठ, मला तो पाण्याच्या बाटलीच्या लेबलवरच परवडतो. सोबतची युरोपातली मुलं सुट्टी लागली की झांझिबारला, आणि मी पेपर तपासत बसते. सातवीपर्यंत स्वाहिलीत शिकलेली ही पोरं फॉर्म वनला एकदम इंग्रजीत ढकलतात, गणिताआधी प्रश्नच कळत नाही त्यांना, आणि निकाल खराब लागला की स्टाफरूममध्ये बघतात माझ्याकडे. रस्त्यावर तीनचाकी रिक्षांना सगळे बजाजी म्हणतात, म्हणजे पुण्याची कंपनीसुद्धा इथे कमावतेय, फुकट राबणारी मी एकटीच.

उतरताना मावशीने दोन जुड्या माझ्या पिशवीत कोंबल्या. वर म्हणाली, स्टँडजवळ एक मुहिंदी सिमेंट विकतो, त्याला गल्ल्यावर बसायला माणूस हवंय, मी शब्द टाकते, लाजू नको पोरी.

रात्री आईला फोनवर सगळं तिखटमीठ लावून सांगितलं, म्हटलं हसेल. ती म्हणाली, "त्या सिमेंटवाल्याचा नंबर घेतलास का?"